पडद्यावरचे बोरकर

बोरकरांच्या डाव्या भुवईत एक आडवी खाच होती. तिथे केस उगवत नसत. कशानं झालं म्हणून मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "लहानपनी बैलानं मारलं जी." आमचा ड्रायव्हर कासम याला मात्र त्यांनी झाडावरून पडल्याचं सांगितलं होतं. सव्वा वर्ष आम्ही तिघं एका गाडीतून हिंडलो, एका चुलीवरचं जेवलो. या दोन उत्तरांतली तफावत त्या काळात मला एकदाही खटकली नाही.

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी चांद्याला नोकरीवर रुजू झालो. गडचिरोली, आरमोरी, पार खाली सिरोंचा, सगळं तेव्हा चांदा जिल्ह्यातच. आमच्या खात्याची एक गाडी होती. तिच्यात सिनेमाचं मशीन, जनरेटर, बांबूला बांधायचा पडदा आणि रिळांचे पत्र्याचे डबे. गावोगाव जाऊन माहितीपट दाखवायचे हे काम. हिवतापावर एक, भाताच्या लावणीवर एक आणि दारूवर एक. आवाज हिंदीत असायचा, तो बंद करून मी माईकवर मराठीत बोलायचो. बोलायचा मजकूर वरून लिहून आलेला असे. मशीन चालवायचे लक्ष्मण बोरकर. गावातले लोक त्यांना मशीनवाले भाऊ म्हणत.

वय पंचेचाळीसच्या आसपास. काटकुळे, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, अंगात खाकी सदरा. मशीनला दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना चालत नसे. जुन्या धोतराचा मऊ तुकडा सदऱ्याच्या खिशात असायचा. त्यानं भिंग पुसताना ते श्वास रोखून धरत. गावात पोचलं की आधी वाऱ्याची दिशा पाहायची, मग पडद्याची जागा ठरवायची आणि तिथून मशीनपर्यंत पावलं मोजत यायचं. पडद्यावर पहिला उजेड पडला की हळूच म्हणायचे, "पडला जी उजेड. आता तुमी बोला."

माझं बोलणं मात्र पहिले काही दिवस कोणालाच कळलं नाही. मी अमरावतीचा, बी.ए. झालेला, माईक हातात आला की छापील भाषेत शिरायचो. एका गावात कार्यक्रम संपल्यावर बोरकर जनरेटर पुसता पुसता म्हणाले, "साहेब, एक बोलू का? तुमी मद्यपान मद्यपान म्हनता. लोक समजतेत का हे शहरातलं काही असन. मोहाची म्हना. मंग पाहा कसे कान देतेत."

मी दुसऱ्या दिवशी मोहाची म्हटलं. समोरच्या गर्दीत हशा पिकला आणि लोक खरोखरच ऐकू लागले.

जंगलातल्या गावांत मी म्हटलेलं ते गोंडीत सांगत. पूर्वी लाकडाच्या कूपांवर, म्हणजे जंगलतोडीच्या ठेक्यांवर, मुकादम होते, तिथे शिकलेले. धानोऱ्याच्या पलीकडे एका गावी लोकांनी सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. तिथला म्हातारा गावप्रमुख पडद्याच्या मागे जाऊन पाहून आला, तिथं कोणी नाही म्हटल्यावर घाबरला आणि सगळ्यांना उठवायला लागला. बोरकरांनी त्याला हाताला धरून मशीनपाशी आणलं, आपल्या खोक्यावर बसवलं आणि त्याचा हात उजेडाच्या झोतात धरला. पडद्यावर भलीमोठी बोटं उमटली. म्हाताऱ्यानं एक बोट हलवलं, तिकडचं हललं. मग त्यानं दोन्ही हात घातले आणि हसत सुटला. त्या गावात भाताची फिल्म आम्हाला तीनदा दाखवावी लागली. शेवटी बोरकरांनी ती उलटी फिरवली. लावलेली रोपं चिखलातून उठून बायांच्या हातात परत गेली, बैल मागे मागे चालत निघाले. लोक लोळून हसत होते आणि बोरकर मशीनच्या आडोशाला उभे राहून त्यांच्याकडे पाहत होते. पडद्याकडे त्यांची नजर क्वचितच जायची.

दारूच्या फिल्मच्या वेळी मात्र ते वेगळेच व्हायचे.  ती फिल्म अशी: एक माणूस पितो, शेती जाते, बायकोला मारतो आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळाचे गज दिसतात. त्या गजांपाशी फिल्म आली की बोरकर भिंगासमोर तळहात धरत. पडदा काळा. दहा-बारा सेकंदांनी हात काढत, तोवर इस्पितळाचं फाटक बंद होत असे.

"तिथी फिलम खराब हाय जी," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "जळल्यावानी दिसते. डोऱ्याले त्रास होते."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. कारण नेमकं तेव्हाच मला कागदावरचं वाक्य म्हणायचं असे: "दारूनं बुद्धी गेलेला हा माणूस. याला स्वतःचं नावही आठवत नाही. हा आता माणसांत कधीच परत येणार नाही." काळ्या पडद्यावर ते वाक्य फार परिणाम करायचं. बाया पदर तोंडाला लावायच्या. मी आवाज आणखी खाली आणायला शिकलो, शेवटच्या शब्दाआधी थांबायला शिकलो. एकदा तर गाडीत बसल्यावर मी कौतुकानं बोरकरांना विचारलं, "आज कसं झालं?"

"चांगलं झालं जी," ते म्हणाले. "बाया रडल्या."

त्यांच्या आणखी एका सवयीची आम्ही थट्टा करायचो. मोहफुलांच्या दिवसांत, रस्त्याच्या कडेनं बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत असायच्या. गाडीत तो गोडसर, दाट वास शिरला की बोरकर गमछा नाकाला बांधून डोळे मिटून बसत. कासम म्हणे, "भाऊ, फुलानं काय चढते का?"  बोरकर दुसरा रस्ता असेल तर तिकडून ने म्हणत, मग तो कितीही लांबचा असो.

दुसऱ्या वर्षाचा फाल्गुन होता. पिपरटोला नावाच्या गावी आम्ही दुपारी पोचलो आणि बोरकरांना सडकून ताप भरला. हिवतापच तो. शाळेच्या ओसरीवर दोन घोंगड्या पांघरून ते कुडकुडत पडले. शाळेसमोर रुखमाबाई नावाच्या बाईचं घर होतं. तिनं न सांगता पेज करून आणली आणि समोर बसून त्यांना प्यायला लावली. "भाऊ, घोट घोट घ्या," म्हणत होती.

गाव जमू लागलं होतं. मी म्हटलं, आज मशीन मी चालवतो. सव्वा वर्ष पाहत आलो होतो, रीळ चढवता येत होतं. बोरकर अर्धवट उठून म्हणाले, "हिवतापाची दाखवा साहेब. दारूची नका लावू."

"पाटलानं दारूचीच मागितली आहे," मी म्हणालो. "काळजी करू नका. खराब जागा आली की मी हात धरतो."

 त्यांनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

मी मशीन सुरू केलं. एका हातात माईक होता, दुसऱ्यानं मी अधूनमधून रीळ चाचपून पाहत होतो. गज आले. आता जळलेली फिल्म दिसेल, तिचे डाग दिसले की हात धरू, म्हणून मी पडद्याकडे पाहत थांबलो. डाग आलेच नाहीत. चित्र स्वच्छ होतं. हजामत केलेल्या डोक्याचा एक माणूस दोन्ही हातांनी गज धरून तोंड वासत होता. कॅमेरा जवळ गेला. चेहऱ्यानं सगळा पडदा व्यापला. डाव्या भुवईत आडवी खाच होती.

माझं तोंड मात्र चालूच राहिलं. इतक्या वेळा म्हटलेलं ते वाक्य आपोआप बाहेर पडत गेलं. "याला स्वतःचं नावही आठवत नाही. हा आता माणसांत कधीच..." इथे नेहमीप्रमाणे थांबलो, आणि त्या थांबण्यात पुढच्या रांगेतून रुखमाबाईचा आवाज आला, अगदी साधा.

"हे त मशीनवाले भाऊ होत."

सगळी गर्दी एकदम मागे वळली. मीही वळलो. बोरकर घोंगडी पांघरून माझ्यामागे चार हातांवर उभे होते. तापानं डोळे लाल झालेले. माझा हात मशीन बंद करायला गेला.

"चालू द्या साहेब," ते म्हणाले. "आता काऊन बंद करता?" आणि मग लोकांना, जरा मोठ्यानं, "हो. मीच होय तो."

फाटक बंद होऊन फिल्म संपली, रिकामा पांढरा उजेड पडद्यावर पडत राहिला. मला एवढंच आठवतं, की बोरकरांच्या भोवती बसलेले लोक उठून सरकत होते.  बाया मुलांना ओढून घेत होत्या. पाहता पाहता त्यांच्याभोवती एवढी मोकळी जागा झाली, की तिथे बैलगाडी वळली असती. रात्रीची भाकर आली नाही. आणि जे मी आजवर कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. निजताना मी माझी वळकटी त्यांच्या शेजारून उचलली आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली. वारा लागतो, म्हणालो. सव्वा वर्ष ज्यांच्या शेजारी निजलो त्यांची मला भीती वाटली.

सकाळी ताप उतरला होता. मी चहा घेऊन त्यांच्यापाशी बसलो, आणि त्यांनी न विचारता सांगितलं. खालच्या आवाजात, मशीनमधला बिघाड सांगावा तसं.

कूपावर असताना सकाळपासून प्यायचे. आईनं एक दिवस पायावर डोकं ठेवलं, म्हणून त्या दिवशी एकदम सोडली. तिसऱ्या दिवशी भिंतीतून मुंग्या येताना दिसल्या, मग साप. "मी सापाले मारून राह्यलो होतो साहेब. काठी लागली मायच्या हाताले. हात मोडला तिचा. मले काही याद नाई, मले मंग सांगतलं. भावानं मले काठीनं पाडलं, ते हे." त्यांनी भुवईला बोट लावलं. "बांधून इस्पितळात नेऊन घातलं. सहा महिन्यांत मी बरा झालो. पन न्याले कोनी आलं नाई. तीन वर्स राह्यलो. तिथी बाग करो, पानी भरो. मिस्त्रीच्या हाताखाली वायरिंग शिकलो. मशीन चालवाले शिकलो."

"आणि फिल्म?"

"फिलमवाले आले तवा मी बराच होतो जी. बागेत वांग्यांले पानी देत होतो. जे खरे बीमार होते, ते कॅमेऱ्यासमोर चूप बसून राहात. त्याइले ते पसंत नाई पडलं. माह्या भोईची खाच पाहून म्हनाले, हा चांगला दिसते. गज धर, डोरे मोठे कर, ओरड. मी ओरडलो. दोन बिड्या देल्ल्या त्याइनं."

मी चहाची कपबशी खाली ठेवली.  म्हणजे पडद्यावरचा तो वेडा शहाणा होता. आणि त्याच्याकडे बोट दाखवून, आवाज कापवून, हा परत येणार नाही असं मी गावागावांत सांगत आलो होतो, तो माझ्याच कोपराला कोपर लावून उभा असताना.

"बोरकर, तुम्ही ते वाक्य रोज ऐकत होता."

"हो जी."

"मला एकदा सांगायचं तरी."

"सांगतलं असतं त तुमी वळकटी कवाच हलवली असती," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते मला अधिक लागलं.

एवढ्यात रुखमाबाई आली. ओसरीच्या खाली उभी राहिली, वर चढली नाही.

"भाऊ, तिथून सोडतेत का?" तिनं विचारलं.

"कुठून बाई?"

"त्या गजातून. हे साहेब त म्हनाले का कोनी परत येत नाई. मागच्या साली बी येऊन असंच सांगून गेले. तुमी कसे आले मंग?"

बोरकर उठून बसले. "तुमच्या घरी कोन हाय बाई?" त्यांनी विचारलं.

ती चालू लागली. आम्ही दोघं तिच्यामागे गेलो. घरामागे गुरांचा गोठा होता आणि गोठ्याच्या कोपऱ्यात तिचा नवरा डोमाजी. मोठ्या ओंडक्याला भोक पाडून त्यात त्याचा एक पाय घातला होता आणि वरून खुंटी ठोकली होती. तिकडे त्याला खोडा म्हणतात. दाढी छातीपर्यंत, खाली शेण-मूत. पायाचा घोटा सुजून काळा पडलेला. आमच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मी बाहेर निघून आलो.

परत आत गेलो तेव्हा बोरकर त्या घाणीत त्याच्यापुढे मांडी घालून बसले होते.

"किती दिवस झाले?" त्यांनी रुखमाबाईला विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून," ती म्हणाली. "घराले आग लावाले निंगाले होते. पाटील म्हने, सरकारी इस्पितळात धाडू. म्या सिनेमात आयकलं होतं का परत येत नाईत. इथी त निदान डोऱ्यापुढं हायेत. म्या नाई धाडलं."

ती माझ्याकडे पाहून बोलत नव्हती. पण पहिल्या हिवाळ्यात याच गावात, याच शाळेपुढे ते वाक्य मी म्हटलं होतं. 

बोरकरांनी कुऱ्हाड मागितली. तोवर पाटील आणि आठ-दहा माणसं जमली होती. पाटील म्हणाला, "सोडू नका. एकाले त मारनच."

"मी बसतो त्याच्यापाशी," बोरकर म्हणाले. "मारन त मले मारन."

"तुमीच त तसे," मागून कोणी तरी म्हणालं.

"म्हनूनच बसतो जी."

त्यांनी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, खुंटी खालून ठोकून काढली. घोटा सुटताना डोमाजी पहिल्यांदा ओरडला. मारायला काही उठला नाही. त्याला उभंच राहता येत नव्हतं. बोरकरांनी त्याला पाठीवर घेतलं आणि गाडीपर्यंत आणलं. कासमनं रिळांचे डबे एका बाजूला रचून जागा केली. रुखमाबाई एक गाठोडं घेऊन चढली. चांद्यापर्यंतच्या सगळ्या वाटेत बोरकर त्याच्या दुखऱ्या पायाला धक्का बसू नये म्हणून तो मांडीवर धरून बसले होते. सरकारी गाडीत असं कोणाला नेण्याची परवानगी नव्हती. ते आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

बोरकर स्वतः त्या दोघांना आगगाडीनं इस्पितळात पोचवून आले. परतल्यावर पहिल्याच गावी दारूची फिल्म होती. गज आले. त्यांनी हात धरला नाही. माझ्या हातातून माईक घेतला आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा मी होय. मोहाची पिऊन असा झालो होतो. इस्पितळात गेलो, बरा झालो, इथी उभा हाव. पाहून घ्या. कोनाच्या घरी कोनी बांधून असन त सकारी येऊन मले सांगा."

गाव हादरायचं. मी ते एकूण अकरा गावांत पाहिलं. त्यांच्याभोवती मोकळी जागा व्हायची. जेवण कधी यायचं, कधी नाही. एका गावात त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. पण प्रत्येक गावात सकाळी, आम्ही सामान भरत असताना, कोणी ना कोणी येऊन उभं राहायचं. बहुधा बाईच. मुलगा कोंडलेला, सासरा झाडाला बांधलेला, बहीण दूरच्या वाडीत टाकलेली. इतकी माणसं या गावांत होती आणि आम्ही सव्वा वर्ष त्यांच्या दारावरून भाताची फिल्म दाखवत गेलो होतो. बोरकर प्रत्येकाला नीट विचारायचे, झोपतो का, जेवतो का, पीत होता का. मी कागदावर लिहून घ्यायचो.

बाराव्या गावी जाण्याआधी चौकशीचा हुकूम आला. कोणी तरी तक्रार केली होती. इस्पितळात राहिल्याची गोष्ट लपवून नोकरी मिळवली, मंजूर मजकूर सोडून भाषण केलं, सरकारी गाडीत वेडा माणूस नेला. माझाही जबाब झाला. मी लिहिलं की बोरकरांइतका सावध माणूस मी पाहिलेला नाही आणि बदललेला मजकूर मला मान्य होता. चौकशी करणाऱ्या साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "पण तो वेड्यांच्या इस्पितळात होता, हे खरं ना?" मी म्हटलं, हो. त्यांना तेवढंच हवं होतं.

बोरकरांना कामावरून काढलं आणि त्यांनी मशीन माझ्या ताब्यात दिलं, त्या दिवशी फार बोलणं झालं नाही. मी म्हणालो, "तुम्ही तो तुकडा कापून का नाही टाकला? कोणाला कळलं असतं?"

"फिलम सरकारची जी," ते म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच चमत्कारिक वाटला.

दारूची फिल्म मी पुन्हा लावली नाही. नादुरुस्त म्हणून परत पाठवली. डोमाजी पावसाळा संपता संपता घरी आला. पुढे एकदा पिपरटोल्याला गेलो तेव्हा धान झोडपत होता. पाय ओढत चालायचा, फारसं बोलायचा नाही. रुखमाबाई म्हणाली, "पयल्यासारखे नाईत. पन हायेत."

बोरकर मला त्यानंतर एकदाच दिसले. माझं लग्न झालं होतं. बायकोला घेऊन मी बल्लारशा स्टेशनवर गाडीची वाट पाहत होतो. पलीकडच्या बाकावर एक म्हातारा शेतकरी, एक विशीतला तरुण आणि बोरकर बसले होते. तरुणाच्या मनगटाला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक बोरकरांनी स्वतःच्या मनगटाला बांधून घेतलं होतं. मोकळ्या हातानं ते त्याला केळं सोलून देत होते. आजूबाजूचे लोक उठून लांब गेले होते. माझी बायको माझ्या दंडाला धरून म्हणाली, "इकडे या ना जरा." मी तिचा हात सोडवला आणि त्यांच्या दिशेनं निघालो.

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. ते डब्यात चढत होते. दारात तिकीट तपासनीस उभा होता. त्यानं दोर पाहिला, दोन्ही मनगटं पाहिली, दोन्ही चेहरे पाहिले.

"यातला वेडा कोणता?" त्यानं विचारलं.

बोरकरांनी सदऱ्याच्या खिशातून तिकिटं काढून त्याच्यापुढे धरली.

"दोघंयी तिकिटावर हाव साहेब," ते म्हणाले, आणि तरुणाला पुढे घालून आत गेले. मी फलाटावरून धावत त्यांच्या खिडकीपाशी पोचलो तेव्हा गाडी हलली होती. खिडकीची जागा त्यांनी त्या मुलाला दिली होती. तो बाहेर पाहत होता, आणि त्याच्या पलीकडे बोरकर वाकून म्हाताऱ्याला काही तरी समजावून सांगत होते. त्यांनी मला पाहिलं नाही.